डावीकडची सीट

"मॅडम, तुम्ही इथं सावलीत बसा. गाडीत दोनच सीटा आहेत. सर चालवतील, मी शेजारी बसेन. आलोच आम्ही अर्ध्या तासात," तन्मय म्हणाला.

तन्मय म्हणजे पुण्याच्या शोरूमचा माणूस. तिशीतला, टाय लावलेला, बोलायला गोड. उजळाईवाडीच्या पुढं हायवेला लागून एक हॉटेल आहे, त्याच्या आवारात त्यांनी ती गाडी ट्रेलरवर घालून आणली होती. कोल्हापुरात असल्या गाड्यांना गिऱ्हाईक मिळतं हे पुण्यातल्या लोकांना चांगलं ठाऊक असतं. गाडी पिवळीधमक, दोन दारांची, पोट जमिनीला टेकवून बसलेल्या मांजरासारखी.

तिच्याभोवती हे फिरत होते. हे म्हणजे माझे मालक, हिंदुराव इंगवले. शिरोलीच्या एमआयडीसीत आमची फौंड्री. वय साठीच्या उंबऱ्यावर, पण गाडी दिसली की सोळा. अख्ख्या शिरोलीत ह्यांच्या गाडी चालवण्याच्या गोष्टी सांगतात. पुण्याला सकाळी मीटिंगला जाऊन दुपारी घरी जेवायला येणारा माणूस.

"साडेचारशे घोडे हायती ह्यात, शालन," ते मला म्हणाले.

"तुमच्या वडलांनी एकच पाळला होता. तोही कुणाला आवरत नव्हता," मी म्हणाले.

सगळे हसले. मीही हसले. पण त्या डावीकडच्या दारावरनं मी नजर काढत नव्हते. त्या शेजारच्या सीटवर माझ्याशिवाय दुसरं कुणी बसलेलं चालणार नव्हतं, आणि का चालणार नव्हतं हे मला कुणालाही सांगता येत नव्हतं.

आमची जुनी मोठी गाडी बदल्यात द्यायची होती. तन्मयनं तिला एक फेरी मारली, वाकून बघितलं, बोटं फिरवली. परत आला तेव्हा जरा बुचकळ्यात पडला होता.

"मॅडम, उजवी बाजू अगदी शोरूममधून काढल्यासारखी आहे. डावीकडेच सगळं लागलंय. पुढचा बंपर, दार, मागचं मडगार्ड. आरसाही बदललेला दिसतोय."

"आमच्या गल्लीत रिक्षावाले फार," मी म्हणाले.

माझा मुलगा धैर्यशील जवळच उभा होता. त्यानं माझ्याकडं बघितलं. आमच्या गल्लीत रिक्षा येत नाही, गल्ली रुंद आहे, आणि तो तिथंच वाढला आहे. पण त्यानं दुसराच विषय काढला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "आई, तू तरी सांग की आबांना. मी ड्रायव्हर ठेवूया म्हटलं, तर ह्यांनी दोन सीटची गाडी काढली. ह्या वयात? लोक हसतील."

"हसू देत," मी म्हणाले. लोक हसले असते तर बरंच झालं असतं.

"चला सर," तन्मय म्हणाला आणि डावीकडचं दार उघडून आत बसायला वाकला.

काहीतरी बोलायला हवं होतं. चक्कर आली म्हणू, छातीत दुखतंय म्हणू, असं काहीबाही मनात येत होतं. तेवढ्यात हेच म्हणाले, "तू हो बाजूला. ती बसणार."

"सर, कंपनीचा नियम आहे. आमचा माणूस शेजारी लागतो. इन्शुरन्सचा प्रश्न असतो."

"मग ऱ्हाऊ दे."

"सर?"

"ती बसणार न्हाई तर मी बी बसणार न्हाई. घाल गाडी ट्रेलरवर."

हॉटेलचा मॅनेजर गाडी बघायला आला होता, तो हसायला लागला. धैर्यशील लाजून दुसरीकडं बघायला लागला. मला वाटलं, देवच पावला. लग्नाच्या इतक्या वर्षांनी ह्यांना चारचौघांत बायकोचं प्रेम आलं, ते नेमकं आजच आलं, असं मला वाटलं. तन्मयनं पुण्याला फोन लावला, खाली मान घालून बोलला, आणि शेवटी असं ठरलं की तो आणि धैर्यशील आमच्या जुन्या गाडीतून मागोमाग येतील.

"सर, स्पोर्ट मोडचं बटण हे. पण त्यात आवाज फार येतो. मॅडमना त्रास होईल," तो म्हणाला.

मी बसले. बसले म्हणजे काय, साडी आवरत, गुडघे दुमडत, एखाद्या पोत्यात उतरल्यासारखी उतरले. कुल्ले रस्त्याला लागतात की काय असं वाटलं. ह्यांनी गाडी सुरू केली आणि त्यांच्या तोंडावर जे हसू आलं, ते मी पूर्वी एकदाच बघितलं होतं, धैर्यशील झाला तेव्हा.

आता मला जरा मागं जायला हवं. आधीच्या गणपतीत ह्यांना फौंड्रीत चक्कर आली होती. भट्टीजवळ उभे होते, तिथंच खाली बसले. घरी आले ते चालत आले, चहा मागितला. "साखर उतरली हुती," म्हणाले. पुढच्या आठवड्यात एकटेच मिरजेला डॉक्टरांकडं जाऊन आले. काय म्हणाले विचारलं तर, "गोड कमी खा म्हणाले." विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपतात.

त्यानंतर ह्यांनी मिरचीचा खर्डा खाणं सोडलं.

ज्या माणसाला खर्ड्याशिवाय भाकरी घशाखाली उतरत नाही, त्याच्या ताटात खर्डा तसाच राहायला लागला. लिंबाची फोड तशीच, कांद्याची कोशिंबीर तशीच. भाजी संपायची, तांबडा रस्सा दोन-दोन वाट्या जायचा. मला वाटलं डॉक्टरांनी तिखट बंद केलं असेल. पण तांबडा रस्सा काय कमी तिखट असतो? मग वाटलं, माझ्यावर रागावलेत. एके दिवशी तर मला म्हणाले, "खर्डा करायचा सोडलास व्हय गं हल्ली?" खर्डा ताटात होता. त्यांच्या समोर, डावीकडं, सासूबाईंनी मला नव्या नवरीला शिकवून ठेवलं होतं तिथंच. डावीकडं लिंबू, चटणी, खर्डा, कोशिंबीर. उजवीकडं भाजी आणि वाट्या. एवढी वर्षं मी त्यात बोटभर फरक केला नव्हता.

वाढलेलं ताट फिरवू नये असं सासूबाई सांगायच्या. मी वाढायला वाकल्यासारखं केलं आणि ताटाच्या कडेला बोट लावून ते हळूच अर्धं फिरवलं. ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, खर्ड्याला लावला आणि खाल्ला. मग लिंबू पिळलं. मग कोशिंबीर संपवली. मी भिंतीला टेकून उभी राहिले. भाजी आता डावीकडं गेली होती, आणि तिला त्यांनी हात लावला नाही.

माझ्या माहेरी, निपाणीला, वडलांचे तंबाखूचे ट्रक होते. क्लीनर आजारी पडला की वडील मला कॅबिनमध्ये डावीकडं बसवायचे. परकरातली पोरगी मी. "ड्रायव्हरला डावीकडचं कमी दिसतं. तिकडचे डोळे तुझे," म्हणायचे. मी खिडकीतून डोकं बाहेर काढायची आणि घसा ताणून ओरडायची, "जाऊ दे, जाऊ दे! डावीकडं मोकळं हाय!" पुढं त्यांनीच मला जीप शिकवली. लग्नानंतर ती विद्या पडून राहिली, कारण ह्यांच्या घरात स्टिअरिंग म्हणजे ह्यांचं. दुसऱ्यानं हात लावलेला त्यांना खपायचा नाही.

तर त्या ताटाच्या दिवसापासून मी गाडीत बोलायला लागले. जन्मभर गाडीत गप्प बसणारी बाई मी, आता अखंड बडबडत होते. "अहो, तो सायकलवाला बघा कसा मधेच घुसतोय डावीकडनं." "अगंबाई, म्हशी आल्या रस्त्यात." "ही रिक्षा पुढं घालणार बघा." नुसतं डावीकडचं. उजवीकडचं त्यांचं ते बघत होते. धैर्यशीलची बायको हसून म्हणाली, आईंना म्हातारपणी वाचा फुटली. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मीही हसले. ह्यांना एकट्याला मी गाडी नेऊ देत नव्हते. मला देवळात सोडा, मला बहिणीकडं जायचंय, मला फौंड्रीतली दसऱ्याची पूजा बघायचीय. नवऱ्याच्या मागं शेपटासारखी हिंडणारी बाई म्हणून मी सगळ्या शिरोलीत ठाऊक झाले. तरी कधी डोळा चुकवून जायचेच, आणि गाडीवर नवा ओरखडा घेऊन यायचे.

सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. दिवाळी होऊ दे म्हटलं. मग संक्रांत होऊ दे म्हटलं. ह्यांच्यासमोर उभं राहून "तुम्हाला दिसत नाही" हे तीन शब्द म्हणायची मला छाती होत नव्हती. आणि आता संक्रांत होऊन गेली होती आणि मी साडेचारशे घोड्यांच्या मागं बसले होते.

हायवेला लागलो. सकाळची वेळ, रस्ता मोकळा होता. उसाचे दिवस, त्यामुळं रस्त्याच्या कडेला जिकडंतिकडं उसाची पाचटं पडलेली. मी माझं काम सुरू केलं.

"अहो, त्या बायका बघा, भारे घेऊन निघाल्यात कडेनं."

"हं."

"मोटरसायकल आली सर्व्हिस रोडवरनं. वर चढतोय बघा, बघतसुद्धा नाही मागं."

"हं," म्हणाले, आणि गाडी जराशी उजवीकडं घेतली. किती अलगद घेतली. त्यांचा हात बघत राहावा असा होता.

गोकुळ शिरगाव मागं पडलं. मागं वळून बघितलं तर आमची जुनी गाडी पुष्कळ लांब, खेळण्यातल्यासारखी दिसत होती.

"धर काहीतरी," हे म्हणाले आणि ते बटण दाबलं.

तो आवाज मला सांगता येणार नाही. आमच्या फौंड्रीत भट्टीचा ब्लोअर लागतो तेव्हा जमीन हलते, तसं पोटात हललं. पाठ सीटला चिकटली. झाडं नुसती रेघ झाली. हे हसत होते. तोंड उघडून, मान मागं टाकून हसत होते, आणि ओरडून काहीतरी सांगत होते. बहुतेक "ऐक, ऐक" म्हणत असावेत. मला ते ऐकू येत नव्हतं.

आणि तेव्हा मला ट्रॅक्टर दिसला.

डावीकडच्या सर्व्हिस रोडवरून तो हायवेवर चढत होता. मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या. पुढं दुभाजक फोडून लोकांनी वाट केलेली होती, तिकडं जायला तो आडवा येणार हे आंधळ्यालाही कळलं असतं. "ट्रॅक्टर! अहो, ट्रॅक्टर! डावीकडं ट्रॅक्टर!" मी ओरडले. ते हसतच होते. मी पुन्हा ओरडले. माझा आवाज माझ्याच कानाला पोचला नाही.

मी त्यांचा दंड दोन्ही हातांनी धरला आणि ओढला.

ते दचकले, आणि आधी ब्रेक मारला, मग बघितलं. त्या गाडीचे ब्रेक चांगले होते, एवढं मी तिच्या बाजूनं सांगेन. टायर किंचाळले, पट्टा माझ्या खांद्यात रुतला, आणि गाडी उभी राहिली ती ट्रॉलीच्या अंगाशी. लोंबणारे उसाचे शेंडे आमच्या पिवळ्या बॉनेटवरून खसखसत गेले. ट्रॅक्टरवाल्यानं वळूनसुद्धा बघितलं नाही. त्याच्या टेपवर गाणं चालू होतं. दुसऱ्या ट्रॉलीत उसावर एक बाई बसली होती, मांडीवर पोर घेऊन. पोराच्या डोक्याला लाल टोपडं. ती आमच्याकडं बघत बघत गेली.

ह्यांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. एकदम शांत झालं. मला माझा श्वास ऐकू यायला लागला.

"ऐकू आलं न्हाई," ते म्हणाले.

मी पदरानं तोंड पुसत होते. मग ते काय म्हणाले ते माझ्या डोक्यात शिरलं. दुसरा कुणीही माणूस असता तर म्हणाला असता, दिसलं नाही.

"काय म्हणालात?"

"तू वरडली आसशील. आवाज लई हाय ह्या गाडीचा. तुझं काय ऐकूच आलं न्हाई मला."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. ते समोर बघत होते, हात स्टिअरिंगवर.

"कधीपासून ठाऊक आहे तुम्हाला?"

"काय?"

"मी का बोलते ते."

"ताट फिरवलंस तवापासनं," ते म्हणाले.

मला हसू आलं की रडू आलं, मला आजही नक्की सांगता येत नाही. इतके महिने मी ह्यांच्यापासून लपवत होते की मला ठाऊक आहे, आणि हे माझ्यापासून लपवत होते की त्यांना ठाऊक आहे. एका ताटाच्या दोन बाजूंना बसून दोघंही जेवत होतो.

"मिरजेचा डॉक्टर काय म्हणाला खरं?"

"डोळं चांगलं हायत म्हणाला. चक्कर आली तवा डोक्यात काहीतरी बंद पडलं. डोळं डावीकडचं बघत्यात, पण आत पोचत न्हाई." मग म्हणाले, "गाडी बंद करा म्हणाला."

"मग?"

"परवा फोनवर पुन्हा तेच म्हणाला, तवा मी म्हटलं, मी एकटा कुठं चालवतो?"

"अहो!"

"खोटं काय? तू सांगतीस, मी चालवतो. दोघांचं मिळून एक माणूस हुतंय की." आणि मग, जरा हळू, "धैर्या ड्रायव्हर बसवायला बघतोय. आज न्हाई तर उद्या बसवंल. मी म्हटलं, दोन सीटची गाडी घ्यावी. ह्यात ड्रायव्हर बसतच न्हाई. तू आणि मी."

तर ही त्या गाडीमागची गोष्ट होती. लोकांना वाटत होतं, म्हाताऱ्याला तारुण्य आठवलं. मला वाटत होतं, हौस. आणि ह्यांनी आपलं शेजारचं माणूस हलू नये म्हणून ती पिवळी गाडी पुण्याहून मागवली होती. माझ्यावर कुणी ह्यापेक्षा मोठा विश्वास टाकला नाही आणि ह्यापेक्षा मोठं ओझंही टाकलं नाही. मला त्यांचा राग आला. खरंच आला. आणि त्याच वेळी त्यांच्या पांढऱ्या कल्ल्यांवरून हात फिरवावा असंही वाटलं.

"ट्रॉलीवर बाई बसली होती," मी म्हणाले. "मांडीवर पोर होतं. बघितली?"

"बघितली."

"कधी?"

ते बॉनेटवर अडकलेल्या उसाच्या पानाकडं बघत राहिले.

"गाडी उभी राहिल्यावर बघितली. त्याच्या आधी दिसली होती?"

"न्हाई," ते म्हणाले. मग खाली मान घालून पुन्हा म्हणाले, "न्हाई दिसली, शालन."

एवढ्या महिन्यांत ते शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारले होते. मला वाटत होतं की ते माझ्या तोंडून निघतील आणि घर कोसळेल. निघाले त्यांच्या तोंडून, आणि कोसळलं काहीच नाही. शेजारून एक ट्रक गेला, आमची गाडी जराशी हलली.

"मी आता बोलणार नाही," मी म्हणाले. "तुम्ही चालवत असाल तर मी शेजारी बसणार नाही. बसले तरी तोंड उघडणार नाही. मला एक दिवस ठसका लागला, डोळा लागला, तर ते पोर जाईल. कुणाचं तरी जाईल."

"मग?"

"मग काय. उतरा."

ते उतरले नाहीत. त्यांचा अंगठा स्टिअरिंगवर हळूहळू फिरत होता, दाराच्या कडीवरून फिरावा तसा. पहिली जीप त्यांनी सेकंडहँड घेतली होती, तेव्हा फौंड्रीला छप्परसुद्धा नव्हतं. त्या जीपमधून ते मला बघायला निपाणीला आले होते. माझ्या वडलांनी स्थळ बघितलं नव्हतं, ह्यांनी जीप मागं घेतली ती बघितली होती. "असा हात असलेला माणूस पोरीला नीट सांभाळंल," म्हणाले होते. हे सगळं मला तिथं बसून आठवत होतं, आणि ह्यांना काय आठवत होतं ते मी विचारलं नाही.

मग त्यांनी पट्टा सोडला, दार उघडलं आणि उतरले. गाडीच्या पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले. येताना डावा हात त्यांनी गाडीवरून एकदाही उचलला नाही. बॉनेटवरून, दिव्यावरून, कडेवरून हात घासत आले. घरात कपाटाला, टेबलाला हात लावत ते असेच चालायचे, आणि मला वाटायचं, वय झालं.

मी उतरून पलीकडं जाऊन बसले. माझे पाय पोचेनात, सीट कशी पुढं घ्यायची तेही कळेना.

"क्लच कुठाय?"

"क्लच न्हाई ह्याला. दोनच पायपट्ट्या. डावा पाय बाजूला ठेव, त्याचं काय काम न्हाई."

तेवढ्यात आमची जुनी गाडी मागं येऊन थांबली. तन्मय धावत आला. बॉनेटवर उसाची पानं बघून त्याचा चेहरा उतरला. मागून धैर्यशील.

"आबा, काय झालं? आई? तू का बसलीस तिथं?"

"टेस्ट ड्राइव्ह आता तिची हाय," हे म्हणाले.

"मॅडम, लायसन्स..." तन्मय चाचरत म्हणाला.

"पर्समध्ये आहे. दिवाळीतच नवं करून घेतलंय."

ह्यांनी गर्रकन मान वळवून माझ्याकडं बघितलं. मी समोर बघत राहिले. प्रत्येकानं थोडंफार लपवलेलं होतं.

"धैर्या," हे म्हणाले, "तू ड्रायव्हर बघत हुतास न्हवं?"

"हो आबा. दोघं-तिघं आहेत बघण्यात."

"नको बघू. मिळाला."

धैर्यशील आधी हसला. मग त्यानं बापाच्या चेहऱ्याकडं बघितलं, आमच्या जुन्या गाडीच्या डाव्या बाजूकडं बघितलं, आणि त्याचं हसू हळूहळू गेलं. हुशार पोरगा आहे. वाकून ह्यांचा पट्टा नीट लागलाय का तेवढं बघितलं आणि मागं झाला.

मी ते बटण आधी बंद करून घेतलं. गाडी मवाळ झाली. बैलगाडीच्या वेगानं निघाले म्हणा ना. मागून लोक हॉर्न मारत पुढं जात होते, एका टेंपोवाल्यानं तर हात बाहेर काढून नमस्कार केला. परत फिरायचं म्हणजे कागलला पुलाखालून वळायला हवं होतं. पुलाखाली आले, समोर आडवा रस्ता. मी थांबले.

हे ताठ बसले. खिडकीची काच खाली केली, डोकं जरा बाहेर काढलं आणि म्हणाले, "जाऊ दे. जाऊ दे, डावीकडं मोकळं हाय."

डावीकडून एक दूधवाला येत होता. मोटरसायकलला दोन्ही बाजूंनी किटल्या, रमतगमत, अगदी जवळ. मी ब्रेकवरचा पाय उचलला नाही. तो आमच्या समोरून खडखडत गेला, गाडीकडं बघून त्यानं शिट्टी मारली. मग मी गाडी काढली.

"थांबलीस का?" ह्यांनी विचारलं.

"क्लच सापडंना," मी म्हणाले.

शिट्टी त्यांनी ऐकली होती, किटल्यांचा खडखडाट ऐकला होता. थोड्या वेळानं त्यांनी काच वर केली आणि हात मांडीवर ठेवले. कोल्हापूरच्या बाजूला लागलो. दोन्हीकडं तोडलेल्या उसाची रानं, मधूनच एखादं उभं. ती पिवळी गाडी आमच्या दारात कधीच आली नाही. जुनीचीच डावी बाजू आम्ही रंगवून घेतली, आणि हे गेले तोपर्यंत मी तीच चालवली. पण ते सगळं नंतरचं.

पुढं सर्व्हिस रोड मिळत होता तिथं मी वेग कमी केला. ह्या वेळी ते "जाऊ दे" म्हणाले नाहीत. मान सीटला टेकून डोळे मिटून बसले होते. मला वाटलं, झोपले.

"शालन," ते म्हणाले, "डावीकडं काय हाय गं?"

"ऊस आहे," मी म्हणाले. "तोडायचा राहिलाय अजून. बांधावर एक बाई उभी आहे, गवताचा भारा घेऊन. आपण जायची वाट बघतीय."

"मग थांब की," ते म्हणाले. "जाऊ दे तिला."